मिशिगन सरोवराकाठची तीन गावे: कोणते, कोणासाठी आणि का

गेल्या जुलैत आम्ही सहाजण मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावर तेरा रात्री राहिलो: मी, माझे पती, अकरा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि तीन महिन्यांसाठी भारतातून आलेले माझे आई-बाबा. या तेरा दिवसांपैकी चार दिवस किनाऱ्यावर लाल बावटा फडकत होता आणि पाचव्या दिवशी ऊन कडक असूनही पाणी इतके गार होते की मुले घोट्यापर्यंत जाऊन ओरडत माघारी आली. म्हणजे ज्या पाण्यासाठी एवढा खर्च केला, त्यात पाच दिवस उतरताच आले नाही. असे दिवस एका गावात आम्ही कसेबसे ढकलले आणि दुसऱ्या गावात तशाच दिवशी आम्हाला सुट्टीतला सर्वांत चांगला दिवस मिळाला. त्यामुळे या परीक्षणात मी साऊथ हेवन, सॉगटक आणि लडिंग्टन या तिन्ही गावांना एकच कसोटी लावली आहे. पाण्यात उतरता येणार नाही त्या दिवशी, आणि विशेषतः लहान मूल व गुडघेदुखी असलेली वडीलधारी व्यक्ती सोबत असताना, हे गाव काय देते? निळ्या पाण्याची छायाचित्रे तिन्ही गावांची सारखीच सुंदर आहेत, त्यांच्यावरून काहीही ठरवता येत नाही.

आधी सरोवराविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण नियोजनातल्या निम्म्या चुका त्याला तळे समजल्याने होतात. पंचमहासरोवरांपैकी पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत असलेले हे एकमेव सरोवर सुमारे ४९४ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १९० किलोमीटर रुंद आहे, आणि त्याची सर्वाधिक खोली २८१ मीटर आहे. पलीकडचा काठ दिसत नाही. बाबांचे बालपण कोकणात समुद्राकाठी गेलेले, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी त्यांनी गाडीतून उतरल्याबरोबर भरतीची वेळ विचारली. भरती-ओहोटी इथे जवळजवळ नाहीच, तिचा फरक पाच सेंटिमीटरहूनही कमी असतो, असे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले, पुन्हा एकदा लावले, आणि मग आईला हाक मारून म्हणाले, "अगं, खरंच गोडं आहे." गोड्या पाण्यात समुद्रासारखे तरंगता येत नाही, ही गोष्ट पोहता येणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. शिवाय इथल्या लाटा समुद्राच्या लाटांपेक्षा घाईने, तीन ते पाच सेकंदांच्या अंतराने येतात. एका लाटेतून सावरून उभे राहीपर्यंत दुसरी अंगावर येते, आणि मूल घाबरते ते लाटेच्या उंचीने नव्हे तर या घाईने.

सुट्टीची गावे पूर्व काठावर का वसली, याचे कारण वारा. इथे वारे बहुतेक पश्चिमेकडून वाहतात. त्यांनी आणि लाटांनी हजारो वर्षे वाळू पूर्व काठावर आणून टाकली, आणि त्यातूनच गोड्या पाण्याकाठच्या जगातल्या सर्वांत मोठ्या वाळूच्या टेकड्या तयार झाल्या. वाळू बारीक, फिकी आणि इतकी स्वच्छ आहे की कोरड्या वाळूवरून पाय घासत चालले तर ती चुंई-चुंई वाजते. मुलीने पहिला पूर्ण तास पाण्याकडे पाहिलेही नाही, ती वाळू वाजवत बसली होती. पण हाच वारा फिरला की सगळे चित्र पालटते. उत्तरेकडून एक-दोन दिवस जोराचा वारा वाहिला, की वरचे तापलेले पाणी काठापासून दूर सरकते आणि त्याच्या जागी खोलातले थंड पाणी वर येते. जुलैअखेरचे एकवीस-बावीस अंशांचे पाणी अशा वेळी एकदोन दिवसांत दहा अंशांनीही उतरू शकते. आमचा तो पाचवा दिवस नेमका असा होता. निरभ्र आकाश, अंगाला चटका देणारे ऊन आणि बर्फासारखे पाणी असे एकत्र असू शकते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. जूनमधल्या सुट्टीविषयी माझे मत त्यामुळे स्पष्ट आहे: मुलांना पाण्यात खेळायचे असेल तर जून टाळावा. दर कमी असतात हे खरे, पण सरोवर तोवर तापलेले नसते.

बावट्यांची व्यवस्था ही इथली सर्वांत महत्त्वाची सेवा आहे आणि तिला मी पूर्ण गुण देते. हिरवा म्हणजे धोका कमी, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्याबाहेर राहावे, आणि एकाखाली एक असे दोन लाल बावटे म्हणजे पाण्यात उतरायला मनाई. मात्र मिशिगन राज्याच्या स्टेट पार्कांमधल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, ही गोष्ट भारतातून आलेल्या पाहुण्यांनाच नव्हे तर इथे अनेक वर्षे राहिलेल्यांनाही ठाऊक नसते. बावटा पाहणे, मुलांवर नजर ठेवणे आणि त्यांना वेळेवर बाहेर काढणे हे सर्वस्वी आपल्यावर असते. दीपगृहांकडे जाणारे लांब दगडी धक्के छायाचित्रात सर्वांत देखणे दिसतात, पण त्यांच्या लगतचे पाणी सर्वांत धोक्याचे असते, कारण काठाला समांतर वाहणारा प्रवाह धक्क्याला अडतो आणि त्याच्या कडेने खोल पाण्याकडे वळतो. या रिप करंटमध्ये सापडल्यास काठाकडे जोर लावून पोहायचे नाही, पाठीवर उलटे होऊन तरंगायचे आणि प्रवाह ओसरेल त्या बाजूने, काठाला समांतर बाहेर यायचे. मुलाकडून आम्ही हे लडिंग्टनच्या हॅमलिन तळ्याच्या उथळ पाण्यात तीनदा करून घेतले. राष्ट्रीय हवामान सेवा उन्हाळ्यात किनाऱ्यांसाठी वेगळा अंदाज देते, त्यात लाटांची उंची आणि पोहण्यातला धोका दिलेला असतो. रोज सकाळी चहाबरोबर तो पाहायचा आणि मगच दिवसाचा बेत ठरवायचा, ही सवय आम्हाला चौथ्या दिवशी लागली. ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

पहिले गाव साऊथ हेवन. शिकागोहून गाडीने सुमारे दोन-अडीच तासांवर असल्याने शिकागोकरांची इथे सर्वांत जास्त गर्दी असते. ब्लॅक नदीच्या मुखाशी दोन धक्के, दक्षिण धक्क्याच्या टोकाशी १९०३ सालचे लाल पोलादी दीपगृह, नदीच्या दोन्ही बाजूंना शहराच्या मालकीच्या रुंद पुळणी आणि त्यांच्यामागे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दुकानांचा रस्ता, अशी या गावाची सुटसुटीत रचना आहे. आम्ही मात्र गावात राहिलो नाही आणि तीच आमची मोठी चूक झाली.

भाड्याची घरे लावून देणाऱ्या एका कंपनीकडून आम्ही गावाच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर, सरोवराकडे तोंड असलेल्या कड्यावरचे घर घेतले होते. जुलै-ऑगस्टमध्ये अशी घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशा पूर्ण आठवड्यासाठीच मिळतात. सहाजणांसाठी आठवड्याचे २,४०० डॉलर, त्यावर साफसफाईचे २२५ डॉलर आणि कर, असा तो हिशेब होता. जाहिरातीत 'खाजगी पुळण, घरामागून पायऱ्या' असे लिहिले होते आणि छायाचित्रात कड्याच्या टोकाशी एक पांढऱ्या सालीचे बर्चचे झाड, त्याच्याशेजारून खाली उतरणाऱ्या लाकडी पायऱ्या आणि खाली भरपूर वाळू दिसत होती. पोहोचलो तेव्हा पायऱ्यांच्या तोंडाशी पिवळी फीत बांधलेली होती. मुलगा कठड्याशी वाकून पाहत होता. त्याने मला बोलावले आणि खाली बोट दाखवले. ते बर्चचे झाड मुळांसकट खाली पाण्याच्या रेषेवर आडवे पडले होते, आणि पायऱ्यांचा शेवटचा टप्पा तुटून अधांतरी लोंबकळत होता. २०२० मध्ये सरोवराची पातळी विक्रमी उंचीवर गेली होती, तेव्हा या काठावरचे कडे अनेक ठिकाणी ढासळले. छायाचित्र त्याआधीचे होते हे उघड होते. कंपनीला फोन केला तेव्हा सरोवराची पातळी आमच्या हातात नाही, असे उत्तर मिळाले. ते खरे असले तरी छायाचित्र बदलणे त्यांच्या हातात होते. तीन दिवसांच्या पत्रव्यवहारानंतर साफसफाईचे पैसे तेवढे परत मिळाले. बाबा आठवडाभर मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून वरूनच सरोवर पाहत बसत. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

म्हणून काठावरचे घर घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पैसे भरण्यापूर्वी पायऱ्यांचे आणि पुळणीचे चालू महिन्यातले चित्रीकरण मागावे आणि ते द्यायला टाळाटाळ झाली तर ते घर सोडून द्यावे. पायऱ्या किती आणि मध्ये टेकायला जागा आहे का, हेही विचारावे, कारण तीस-चाळीस पायऱ्या उतरून जाणारे आजोबा दुपारी त्याच पायऱ्या चढणार असतात. 'खाजगी पुळण' या शब्दांचा अर्थही समजून घ्यावा. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असा निर्णय दिला, की पाण्याच्या नेहमीच्या उंच खुणेपर्यंतच्या काठावरून चालत जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मग वरची जमीन कोणाचीही असो. त्यामुळे आपल्या घरासमोरून लोक चालत जाणार आणि आपणही शेजाऱ्यांच्या घरासमोरून निर्धास्त चालू शकतो. हा हक्क मात्र चालण्यापुरता आहे. दुसऱ्याच्या जागेत छत्री रोवून दिवसभर बसता येत नाही.

गावात राहिलो असतो तर साऊथ हेवन आम्हाला निश्चित अधिक आवडले असते. लाल बावट्याच्या दिवशी आम्ही गाडी काढून गावात गेलो तेव्हा वाहनतळ शोधण्यात पाऊण तास गेला. पण त्यानंतर बोटींसाठी उघडणाऱ्या पुलाजवळ मुले तासभर रमली. घंटा वाजते, फाटक पडते, रस्त्याचे दोन पंख वर जातात आणि शिडाची डोलकाठी मधून सरकत निघून जाते. नदीकाठच्या मिशिगन सागरी संग्रहालयात १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांनी पकडलेल्या 'फ्रेंड्स गुड विल' या गलबताची शिडांसकट बांधलेली प्रतिकृती आहे आणि तिच्यातून प्रवाशांना फिरवूनही आणतात. मुलासाठी तो दिवस सार्थकी लागला. सायकलवाल्यांसाठी जुन्या रेल्वेमार्गावरून कलामझूपर्यंत जाणारी सुमारे ५४ किलोमीटरची कल-हेवन वाट आहे. आम्ही तिच्यावरून छप्पर असलेल्या लाकडी पुलापर्यंतच गेलो, आणि पाच वर्षांच्या मुलीला तेवढे पुरले.

आणि ब्लूबेरी! सरोवराच्या सान्निध्यामुळे या पट्ट्यात वसंतातले दव-हिमाचे संकट सौम्य होते आणि शरद लांबतो, म्हणून सगळा काठ फळबागांचा आहे. जुलैत साऊथ हेवनभोवतीच्या शेतांत स्वतः तोडून न्यायची मुभा असते आणि वजनावर पैसे द्यायचे असतात. आईने पदर खोचून एका ओळीतून दोन बादल्या भरल्या. झुडपे तिच्या खांद्याएवढी असल्याने वाकावे लागत नाही, हे तिने परत परत सांगितले. ज्यांच्या घरी गुडघे-कंबर यांचे दुखणे आहे त्यांच्यासाठी ही बाब किनाऱ्यापेक्षाही महत्त्वाची आहे. साऊथ हेवनविषयी माझे मत असे, की गावात, पुलापासून चालण्याच्या अंतरावर जागा मिळत असेल तरच घ्यावे. गावाबाहेरच्या कड्यावरचे घर कितीही देखणे दिसले तरी घेऊ नये.

दुसरे गाव सॉगटक, साऊथ हेवनच्या उत्तरेला अर्ध्या तासावर. इथे आम्ही फक्त दोन रात्री राहिलो आणि तेवढ्याच पुरेशा होत्या. गाव कलामझू नदीच्या काठावर आहे, सरोवराच्या नव्हे. मध्ये वाळूची उंच टेकडी आहे आणि ओव्हल बीच ही नामांकित पुळण तिच्या पलीकडे आहे. पलीकडे जायला हाताने फिरवायची साखळीची तर, म्हणजे नाव, आहे. इथली तरीची परंपरा १८३८ पासूनची आहे. नदीच्या तळाशी साखळी टाकलेली असते, नावाडी लोखंडी दांडा फिरवतो, साखळी पाणी निथळत वर येते, चाकावरून फिरते आणि मागे पुन्हा पाण्यात जाते. आमच्या नावाड्याने मुलीला दांड्याला हात लावू दिला, आणि नाव आपणच पलीकडे नेली अशी तिची आजही पक्की समजूत आहे. पलीकडे उतरल्यावर माऊंट बाल्डहेडच्या तीनशेहून अधिक लाकडी पायऱ्या चढायच्या आणि दुसऱ्या बाजूने वाळूतून थेट पुळणीवर उतरायचे. आई प्रत्येक बाकावर टेकत वर आली. बाबा आले नाहीत. ते आणि माझे पती गाडीने लांबच्या रस्त्याने पुळणीवर गेले, आणि सकाळी दहाच्या आत गेल्यामुळेच त्यांना वाहनतळावर जागा मिळाली.

या टेकड्यांच्या वाळूखाली सिंगापूर नावाचे एक गाव गाडले गेले आहे. एकोणिसाव्या शतकातले हे लाकूडकापणीचे बंदर. १८७१ च्या भीषण आगीनंतर शिकागो पुन्हा उभे करण्यासाठी इथून लाकूड गेले आणि टेकड्यांवरची झाडे संपली. वाळू धरून ठेवणारे काही उरले नाही, आणि काही वर्षांतच वाऱ्याने आणलेल्या वाळूने घरे बुजवून टाकली. मुलाला ही गोष्ट सांगितल्यावर टेकडीवरच्या गवतात पाय का घालायचा नाही, हे त्याला वेगळे समजावावे लागले नाही. सॉगटक चित्रकारांचे गाव आहे. ऑक्स-बो ही कलाशाळा इथे १९१० पासून आहे आणि गावात कलादालने भरपूर आहेत. जोडप्यासाठी किंवा मोठ्या मुलांच्या कुटुंबासाठी ते रम्य आहे. आमच्या वाट्याला मात्र दोनपैकी एक दिवस लाल बावट्याचा आला, आणि पाच वर्षांच्या मुलीला कलादालनांतून हात लावू न देता फिरवणे हा कोणालाच आनंद नव्हता. राहण्या-खाण्याचे दरही तिन्ही गावांत इथेच सर्वांत चढे वाटले. तर, टेकडी आणि पुळण यांच्यासाठी एक दिवस जरूर द्यावा, मुक्काम दुसरीकडे करावा.

वाटेत हॉलंड आणि ग्रँड हेवन लागली. हॉलंडचे लाल दीपगृह सुंदर आहे. ग्रँड हेवनमध्ये रात्री अंधार पडल्यावर नदीपलीकडे संगीताच्या तालावर कारंजे नाचते, पण जुलैत अंधार पडायलाच दहा वाजतात आणि आमची मुलगी पहिल्याच गाण्याला खांद्यावर झोपली. मिशिगनचा हा काठ पूर्व प्रमाणवेळेच्या पश्चिम टोकाशी असल्याने सूर्य फार उशिरा मावळतो. शिकागोहून येताना घड्याळ एक तास पुढे जाते, तेही धरून चालावे. घराची किल्ली मिळण्याची वेळ, जेवणाची वेळ आणि मुलांची झोप या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी त्याने बिघडतात.

तिसरे गाव लडिंग्टन. शिकागोकडून येणाऱ्यांना ते लांब पडते, चार-साडेचार तास लागतात, आणि म्हणूनच बहुतेक कुटुंबे अलीकडेच थांबतात. लांब असूनही तेरा दिवसांतले सर्वांत समाधानाचे चार दिवस आम्हाला इथेच मिळाले. त्याचे कारण एकच आहे: इथे दोन पाणी आहेत. लडिंग्टन स्टेट पार्क सुमारे ५,३०० एकरांचा आहे. त्याच्या पश्चिमेला मिशिगन सरोवर आहे आणि पूर्वेला हॅमलिन तळे. लाकूडतोडीच्या काळात बिग सेबल नदीवर धरण बांधले गेले, त्यातून हे तळे झाले. दोन्हींच्या मधोमध वाळूच्या टेकड्या आणि झाडी आहे. हॅमलिन उथळ असल्याने लवकर तापते, आणि मधल्या टेकड्या पश्चिमेचा वारा अडवतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरोवरावर लाल बावटा होता. लाटा धक्क्यावरून पलीकडे जात होत्या, वाळू चेहऱ्याला टोचत होती. गाडी वळवून आम्ही पाच मिनिटांत हॅमलिनच्या पोहण्याच्या जागेवर आलो, तर तिथे पाणी हलत होते एवढेच. मुलगी कंबरेपर्यंत जाऊन बसली. थोड्या वेळाने बाबांनी चष्मा आईकडे दिला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, मग तो भिजतोच आहे हे पाहून तसेच पुढे गेले आणि छातीभर पाण्यात नातीचा हात धरून उभे राहिले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा पाण्यात उतरले होते. दुपारी जेवायलाही ते बाहेर यायला तयार नव्हते. मुलगा आणि त्याचे वडील धरणाखालून नदीत रबरी ट्यूबवर बसून सरोवराच्या दिशेने वाहत गेले. मुखाशी लाटा असल्याने ते पुळणीच्या अलीकडेच बाहेर आले, आणि चालत परत येऊन पुन्हा बसले, असे चारदा झाले.

याच पार्कमध्ये बिग सेबल पॉइंटचे १८६७ सालचे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ११२ फूट उंच दीपगृह आहे. तिथे गाडी जात नाही. सुमारे तीन किलोमीटर चालावे लागते आणि वाटेवर सावली कमी आहे, म्हणून सकाळीच जावे आणि पाणी भरपूर न्यावे. बाबांसाठी हे शक्य नव्हते. मात्र मिशिगनच्या अनेक स्टेट पार्कांमध्ये वाळूवरून चालणाऱ्या चाकखुर्च्या विनाशुल्क मिळतात, ही सेवा मला फार मोलाची वाटली. कोणत्या पार्कात कोणत्या प्रकारची आहे हे आधी फोन करून विचारावे, म्हणजे आपण पोहोचतो तेव्हा ती मोकळी असते. गावातली स्टर्न्स पार्क ही पुळणही तेवढीच चांगली आहे. रुंद वाळू, पाळणे, स्वच्छतागृहे आणि वाहनतळाला पैसे नाहीत. साऊथ हेवनच्या पाऊण तासानंतर हे सुख शब्दांत सांगता येणार नाही. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास विस्कॉन्सिनहून येणारे एसएस बॅजर हे जहाज धक्क्याजवळून आत येते, काठावरचे लोक हात हलवतात आणि जहाजावरचेही हलवतात. सव्वानऊच्या सुमारास सूर्य थेट पाण्यात बुडतो. त्या वेळी थंडी वाजते, स्वेटर गाडीत ठेवू नये, हाताशी ठेवावे.

लडिंग्टनमधले उणे म्हणजे जागा मिळणे. पार्कमधल्या तंबूच्या जागांचे आरक्षण सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता उघडते आणि जुलैच्या तारखा पाहता पाहता संपतात. जुलैच्या मध्याची जागा हवी असेल तर जानेवारीच्या मध्यात सकाळी संगणकासमोर बसावे लागते. आम्ही मार्चमध्ये पाहिले आणि अर्थातच काही उरले नव्हते. गावातल्या एका साध्या मोटेलमध्ये छोटे स्वयंपाकघर असलेल्या दोन खोल्या मिळाल्या. खोल्यांचे कौतुक करण्यासारखे काही नव्हते, पण त्या स्वच्छ होत्या, आणि आईला रोज सकाळी पोहे आणि संध्याकाळी खिचडी करता आली, ही शाकाहारी कुटुंबासाठी मोठी सोय आहे. या गावांतल्या उपाहारगृहांचा भर माशांवर असतो, आणि आठवडाभर चीज सँडविचवर काढणे वडीलधाऱ्यांना जड जाते. पार्कच्या प्रवेशासाठी मिशिगनबाहेरच्या गाडीला वेगळा पास घ्यावा लागतो. तीन-चार दिवसांहून अधिक राहणाऱ्यांनी रोजचा घेण्याऐवजी वर्षाचाच घ्यावा, तो राज्यातल्या सगळ्या स्टेट पार्कांत चालतो. शनिवार-रविवारी दुपारी प्रवेशद्वाराशी गाड्यांची रांग लागते, म्हणून त्या दोन दिवशी सकाळी दहाच्या आत पोहोचावे.

परतीचा मार्ग आम्ही बॅजरवरून घेतला आणि शिकागोच्या बाजूला राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी तोच सुचवीन, कारण त्यामुळे आल्या रस्त्याने परत जावे लागत नाही. १९५३ पासून चालणारे हे ४१० फूट लांबीचे जहाज कोळशाच्या वाफेवर चालते आणि २०१६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळ आहे. मुळात ते रेल्वेचे डबे सरोवरापलीकडे नेण्यासाठी बांधले गेले. आज ते गाड्या नेते, आणि गाडी जहाजावर चढवण्याचे काम त्यांचे कर्मचारी करतात. औषधे, स्वेटर आणि मुलांचे खाणे आधीच पिशवीत काढून घ्यावे, कारण वाटेत गाडीपाशी जाता येत नाही. लडिंग्टनहून सकाळी नऊला निघालो आणि चार तासांनी पलीकडच्या काठावरच्या मॅनिटोवॉकला उतरलो तेव्हा तिथल्या घड्याळात बारा वाजले होते, म्हणजे जाताना गेलेला तास परत मिळाला. तिथून शिकागो तीन तासांवर आहे. सकाळच्या फेरीत जहाज पश्चिमेकडे जात असल्याने उजव्या बाजूच्या डेकवर सावली असते, वडीलधाऱ्यांना तिथे बसवावे. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी. आडवे होता येईल अशा छोट्या खोल्या जहाजावर वेगळे पैसे भरून मिळतात. आम्ही बाबांसाठी एक घेतली होती, पण ते तिच्यात पाऊण तासच झोपले आणि उरलेला वेळ डेकवर नातीबरोबर बिंगो खेळले.